इशाऱ्याचा दिवा आणि खाऱ्या हवेतले वायरिंग : वाचकांचे प्रश्न

पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या बोटी पुन्हा पाण्यात उतरल्या की आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या, इंजिनाच्या विद्युत तक्रारी एकदम वाढतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे इशाऱ्याच्या दिव्याविषयी असल्यामुळे हा संपूर्ण स्तंभ त्याच विषयाला दिला आहे. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम विस्ताराने दिले आहे, कारण पुढच्या पत्रांतील शंकांचे मूळ बव्हंशी त्यातच आहे.

प्रश्न : पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणारी माझी फायबरची बोट असून तिला ४० अश्वशक्तीचे, चावीने सुरू होणारे टू-स्ट्रोक इंजिन आहे. तेल पेट्रोलमध्ये मिसळूनच घालतो. पावसाळाभर बोट शेडमध्ये होती. आता चावी फिरवताच, इंजिन सुरू होण्याच्याही आधी, तांबडा दिवा लागतो आणि बझर सतत वाजत राहतो. इंजिन सुरू केल्यावर ते मिनिटाला साधारण २,००० फेऱ्यांच्या वर जात नाही. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार मात्र व्यवस्थित पडते आणि इंजिन हाताला गरम लागत नाही. मेकॅनिक सेन्सरची तार कापून टाका म्हणतो. तसे करावे का? — एक वाचक, देवबाग

उत्तर : तार कापू नये. आपल्या पत्रात दोष शोधण्यासाठी लागणारी जवळजवळ सगळी माहिती आलेली आहे, फक्त ती नीट लावून पाहायला हवी.

या दिव्याची जोडणी घरातल्या दिव्यासारखी नसते. घरात आपण बटणाने पुरवठा चालू-बंद करतो. येथे पुरवठा चावीमधून दिव्याच्या आणि बझरच्या एका टोकाला आधीच येऊन थांबलेला असतो. दुसऱ्या टोकापासून निघालेली तार सिलिंडर हेडवर बसवलेल्या थर्मोस्विचपर्यंत जाते. इंजिन थंड असताना हा स्विच उघडा असतो. हेडचे तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की तो आतून जुळतो आणि ती तार इंजिनाच्या धातूला, म्हणजेच अर्थला, जोडली जाते. मंडल पूर्ण होते आणि दिवा लागतो. याचा अर्थ असा की, दिव्याला तापमान कळत नाही. आपल्या तारेला कोठेतरी अर्थ मिळाला, एवढेच त्याला कळते. तो अर्थ थर्मोस्विचने दिला की सोललेल्या तारेने, हा फरक आपल्याला शोधायचा आहे.

रात्रभर उभे असलेले इंजिन सकाळी चावी फिरवण्याच्या क्षणी तापलेले असूच शकत नाही. त्यामुळे आपला दिवा खोटा बोलत आहे, हे निश्चित. फेऱ्या २,००० वर अडतात, याचेही कारण तेच आहे. अनेक इंजिनांत थर्मोस्विचची तार दिव्याबरोबरच सीडीआय युनिटलाही (ठिणगी देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीलाही) जाते आणि त्या तारेला अर्थ मिळताच सीडीआय युनिट ठिणगी आवरून इंजिनाची गती कमी करते. तेव्हा आपल्याकडे दिवा आणि गती असे दोन वेगळे बिघाड नाहीत. बिघाड एकच आहे आणि तो दोघांच्या सामाईक तारेवर आहे. ही खूण मोलाची आहे, कारण केवळ दिव्याचा किंवा बझरचा दोष असता तर इंजिनाने पूर्ण गती दिली असती.

आता प्रत्यक्ष तपासणी. इंजिनाची कंपनी आपण कळवलेली नाही, म्हणून रंग सांगून ठेवतो : यामाहाच्या वायरिंगमध्ये तापमानाच्या इशाऱ्याची तार गुलाबी असते, मर्क्युरीच्या वायरिंगमध्ये बदामी रंगावर निळी रेघ असते, तर जॉन्सन आणि एव्हिनरूड यांच्यात ती नुसती बदामी असते. तरीही रंगावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. आपल्याकडे वापरून आलेल्या इंजिनांत कोणीतरी केव्हातरी हाताशी असेल त्या रंगाचा तुकडा जोडलेला असतो, त्यामुळे तार निघते कोठून आणि पोचते कोठे, हे बोटाने मागोवा घेत पाहणेच खरे.

इंजिनाचे झाकण काढून थर्मोस्विचच्या तारेचा बुलेट कनेक्टर सोडवावा, सुटलेले टोक धातूला लागणार नाही असे धरावे आणि चावी फिरवावी. दिवा विझला तर दोष थर्मोस्विचमध्ये किंवा त्याच्या स्वतःच्या आखूड तारेत आहे. त्या आखूड तारेचे वेष्टन हेडच्या उष्णतेने कडक होऊन तडकते आणि आतले तांबे धातूला टेकते, हे वारंवार दिसते. दिवा लागलेलाच राहिला तर थर्मोस्विच निर्दोष आहे आणि अर्थ पुढच्या तारेत कोठेतरी मिळतो आहे.

दुसऱ्या शक्यतेत पुष्कळ जण एक चूक करतात आणि तीमुळे दोन-दोन दिवस वाया जातात. तार इंजिनाकडच्या भागात बिघडली आहे की बोटीकडच्या, हे ठरवण्यासाठी ते दोन्ही भागांना जोडणारा मोठा बहुपिनी प्लग सोडवतात, दिवा विझलेला पाहतात आणि दोष इंजिनाकडे आहे असा निष्कर्ष काढतात. परंतु बहुतेक रिमोट कंट्रोलच्या, म्हणजे चालकाजवळच्या पेटीतून चालवायच्या, इंजिनांत चावीला मिळणारा बॅटरीचा पुरवठाही त्याच प्लगमधून येतो. प्लग सोडवल्यावर दिवा विझणारच, मग दोष कोठेही असो! म्हणून येथे दिवा पाहून नव्हे, मल्टिमीटर लावून तपासावे. चावी बंद ठेवावी, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढावी, प्लग सोडवावा आणि मीटर ओहमवर ठेवावा. इंजिनाकडच्या अर्ध्या प्लगमधील इशाऱ्याच्या तारेची पिन आणि इंजिनाचा रंग खरवडलेला धातू यांमध्ये रोध मोजावा. त्यानंतर बोटीकडच्या अर्ध्या प्लगमध्ये तीच तार आणि काळी अर्थची तार यांमध्ये मोजावा. ज्या बाजूला मीटर शून्याच्या जवळ येईल, तिकडे दोष. इंजिनाकडची तार सीडीआयलाही जात असल्यामुळे तिकडे काही किलोओहम दिसले तर घाबरू नये. थेट अर्थ झालेली तार एक-दोन ओहमच दाखवते.

बाजू कळली की मीटर जोडलेला ठेवून तारांचा जुडगा वीत वीत हलवत जावे आणि आकड्यावर लक्ष ठेवावे. सर्वप्रथम पाहायची जागा म्हणजे जुडगा इंजिनाच्या तळझाकणातून आत शिरतो तेथील रबरी बुशिंग. इंजिन डावी-उजवीकडे वळताना आणि वर उचलताना जुडगा तेथेच वाकतो आणि घासतो. दुसरी जागा रिमोट कंट्रोलच्या पेटीची. तेथे गिअरचा हालता भाग तारांना चिमटीत पकडू शकतो. आपली बोट पावसाळाभर शेडमध्ये होती म्हणून तिसरी शक्यताही सांगतो : उंदीर. डेकखालून जाणारे वायरिंग कुरतडण्यास त्यांना चार महिने पुरेसे असतात आणि कुरतडलेली जागा नेमकी हात न पोचणाऱ्या कोपऱ्यात असते. वरून तार शाबूत दिसते म्हणून तो भाग सोडून देऊ नये.

दोष सापडल्यावर तार मागे कापत जावे आणि चकचकीत तांबे लागेपर्यंत थांबू नये. तांबे काळे किंवा हिरवे निघत राहिले तर खारे पाणी केशाकर्षणाने वेष्टनाच्या आत दूरवर शिरले आहे असे समजावे आणि तेवढी तारच बदलावी. नवी तार कथिलाचा मुलामा दिलेल्या बारीक तंतूंची असावी. या मंडलातून प्रवाह फारच कमी जात असल्यामुळे १ चौरस मिलिमीटरची तार विद्युतदृष्ट्या पुष्कळ झाली. मी स्वतः केवळ ताकदीसाठी १.५ चौरस मिलिमीटरची वापरतो. सांधा योग्य पक्कडीने दाबून करावा आणि त्यावर आतून गोंद असलेली उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. नुसते पीळ देऊन काळी चिकटपट्टी गुंडाळणे बोटीवर चालत नाही. केवळ डाग देऊन केलेला सांधाही मला पसंत नाही, कारण डाग जेथे संपतो तेथे तार ताठ राहते आणि कंपनाने नेमकी त्याच कडेला तुटते.

थर्मोस्विचच सदोष ठरला तर नवा घेण्यापूर्वी घरी तपासता येतो. पातेल्यात पाणी आणि स्वयंपाकाचा किंवा प्रयोगशाळेचा तापमापक ठेवावा, स्विच तळाला टेकणार नाही असा दोऱ्याने लोंबकळता सोडावा, त्याच्या तारांना मीटर लावावा आणि पाणी हळूहळू तापवावे. इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेल्या तापमानाला तो जुळला पाहिजे आणि पाणी निवताना त्याहून बऱ्याच कमी तापमानाला पुन्हा सुटला पाहिजे. काही इंजिनांचे स्विच ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास जुळतात. उकळत्या पाण्याची मर्यादा १०० अंश असल्याने अशा स्विचचा नेमका बिंदू पाण्यात पकडणे अवघड जाते. त्यांच्यासाठी पाण्याऐवजी तेल घ्यावे आणि आच अगदी मंद ठेवावी.

राहिला तार कापण्याचा सल्ला. ती दिव्याजवळ कापली तर दिवा आणि बझर गप्प बसतील, पण गती अडलेलीच राहील. थर्मोस्विचजवळ कापली आणि सुदैवाने दोष तेथेच असला तर इंजिन पूर्ववत पळेल. मात्र त्यानंतर ते खरोखर तापले तरी कोणालाही कळणार नाही. कर्ली नदीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावरून ये-जा करणाऱ्या आपल्या बोटीचा पाण्याचा पंप दररोज थोडी वाळू ओढत असतो. अशा ठिकाणी इम्पेलरच्या (पंपात पाणी ढकलणाऱ्या चक्राच्या) पाकळ्या झिजतात आणि पाण्याच्या वाटा चोंदतात. धार पडते आहे म्हणजे थोडे पाणी फिरते आहे एवढेच सिद्ध होते. सर्व सिलिंडरांभोवती पुरेसे पाणी पोचते आहे, हे त्यावरून सिद्ध होत नाही. प्रवासी घेऊन जाणाऱ्या बोटीवर ही तार शाबूत असलीच पाहिजे.

दुरुस्तीनंतर एक चाचणी अवश्य करावी. चावी चालू करून, दिव्याकडून थर्मोस्विचला येणाऱ्या तारेचे सोडवलेले टोक क्षणभर इंजिनाच्या धातूला टेकवावे. दिवा लागला आणि बझर वाजला पाहिजे. मात्र टेकवण्यापूर्वी हीच ती तार आहे याची खात्री करावी, कारण पुरवठ्याची तार चुकून धातूला लागली तर फ्यूज उडेल. ज्या वाचकांच्या इंजिनात तेलाची वेगळी टाकी आहे, त्यांनी तेलपातळीचा सेन्सरही याच बझरला जोडलेला असू शकतो, हे ध्यानात ठेवून सेन्सर एकेक करून सोडवावेत.

प्रश्न : डॅशबोर्डवरील जुना बल्ब काढून मी एलईडी बसवला. तेव्हापासून चावी चालू असताना तो दिवा सतत मिणमिणतो. पूर्ण लागत नाही आणि पूर्ण विझतही नाही. बझर वाजत नाही. एलईडी खराब आहे का? — एक वाचक, हर्णे

उत्तर : एलईडी उत्तम आहे, जुना बल्ब जे दाखवू शकत नव्हता, ते तो दाखवतो आहे. साध्या २ वॉटच्या बल्बला लाल होण्यासाठीही बराच प्रवाह लागतो. पूर्ण पेटताना तो १२ व्होल्टवर सुमारे ०.१७ अँपिअर घेतो. एलईडी मात्र एखाद्या मिलिअँपिअरवरही मंद दिसतो. एवढा प्रवाह मिठाचा ओलसर थर सहज वाहून नेतो. आपल्या मंडलात कोठेतरी, बहुधा एखाद्या प्लगमध्ये, इशाऱ्याची पिन आणि शेजारची अर्थची पिन यांच्यामध्ये असा थर साचला आहे. थर्मोस्विचची तार सोडवूनही मिणमिणणे थांबले नाही तर हे निश्चित समजावे.

एलईडीला समांतर १ किलोओहमचा, अर्ध्या वॉटचा रोधक लावला की मिणमिणणे थांबते, कारण गळतीचा प्रवाह रोधकातून निघून जातो आणि एलईडी पेटण्याइतका विद्युतदाब (व्होल्टेज) तयारच होत नाही. हा उपाय विद्युतशास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहे, पण तो आधी करू नये. आज जो थर एक मिलिअँपिअर वाहून नेतो आहे, तोच पिना खाऊन टाकणार आहे. प्लग उघडावेत, गोड्या पाण्याने धुवावेत, वाऱ्यावर पूर्ण सुकू द्यावेत, कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा, हिरवट झालेल्या पिना बदलाव्यात आणि बंद करताना कडेच्या रबरी सीलवर सिलिकॉनचे ग्रीस लावावे. एवढे करूनही मिणमिणणे शिल्लक राहिले तर रोधकाचा विचार करावा.

आपण विचारलेले नाही, तरी एक धोका सांगतो. एलईडीला दिशा असते. तो उलटा बसला तर कधीच लागत नाही आणि मालकाला वाटते, इंजिनाची प्रकृती ठणठणीत आहे. आपला दिवा मिणमिणतो, त्याअर्थी तो सुलट बसला आहे. परंतु असा बदल करणाऱ्या प्रत्येकाने तार अर्थला टेकवण्याची वर सांगितलेली चाचणी त्याच दिवशी करावी.

प्रश्न : आमच्या इंजिनात तार अर्थला टेकवली तरी दिवा लागत नाही. बल्ब नवा आहे. बल्बच्या होल्डरपाशी मल्टिमीटर १२.४ व्होल्ट दाखवतो. पुरवठा आहे, बल्ब आहे, अर्थ आहे. तरी दिवा का नाही? — एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : मीटर खोटे सांगत नाही, पण आपण त्याला अर्धवट प्रश्न विचारला आहे. आजचे डिजिटल मीटर दाब मोजताना इतका नगण्य प्रवाह घेतात की, तारेतील सगळे तंतू कुजून एकच धागा उरला तरी ते पूर्ण १२ व्होल्ट दाखवतात. बल्ब प्रवाह मागू लागला की तो धागा देऊ शकत नाही आणि दाब कोसळतो. म्हणून दाब मोजायचा तो बल्ब होल्डरमध्ये ठेवून, तार अर्थला टेकवलेली असताना मोजावा.

मीटरची काळी सळई बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर धरावी आणि लाल सळईने क्रमाने चावीचा बाहेर जाणारा टर्मिनल, बल्बचे पुरवठ्याचे टोक आणि बल्बचे दुसरे टोक मोजत जावे. चावीपाशी १२ आणि बल्बच्या पुरवठ्याच्या टोकावर ३ व्होल्ट मिळाले, तर मधली तार किंवा तिच्यावरचा सांधा कुजला आहे. बल्बच्या दोन्ही टोकांना १२ व्होल्ट मिळाले, तर पुरवठा निर्दोष असून दोष पुढे आहे, म्हणजे इशाऱ्याच्या तारेत किंवा इंजिनाच्या अर्थच्या जोडणीत. मी स्वतः दोन तारा जोडलेला एक साधा बल्बच जवळ बाळगतो. कुजलेल्या तारा शोधण्यात महाग मीटरपेक्षा तो पुष्कळदा लवकर कामी येतो.

प्रश्न : फोर-स्ट्रोक इंजिनावरील हिरवा दिवा चालू असताना अचानक विझला. तांबडा दिवा लागलेला नाही. बल्ब गेला असावा असे समजून प्रवास पुरा केला तर चालेल का? — एक वाचक, अलिबाग

उत्तर : मुळीच नाही. होंडाच्या अनेक फोर-स्ट्रोक आउटबोर्डमध्ये हिरवा दिवा तेलाचा दाब योग्य असल्याची खूण असतो आणि त्याचे विझणे हाच इशारा असतो. तांबडा दिवा तेथे तापण्यासाठी असतो, तेलासाठी नव्हे. दिवा विझताच इंजिन बंद करावे, नांगर टाकावा, झाकण काढून तेलाची पातळी पाहावी. पातळी कमी असेल तर योग्य प्रतीचे तेल घालावे. पातळी बरोबर असूनही दिवा लागत नसेल तर दुसऱ्या बोटीची मदत घेऊन परतावे. बल्ब, तार आणि दाबाचा स्विच यांची तपासणी बंदराला लागल्यावर होते. तेलाविना फिरलेल्या क्रँकशाफ्टचा खर्च बल्बच्या किमतीत मावत नाही.

प्रश्न : आमच्या मासेमारीच्या होडीला दोरी ओढून सुरू होणारे, रॉकेलवर चालणारे छोटे इंजिन आहे. बॅटरी नाही, दिवाही नाही. तापण्याचा इशारा देणारी काही सोय बाहेरून करता येईल का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : येते, आणि ती स्वस्तही पडते. यूपीएसमध्ये असते तशी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवर क्षमतेची बंद बॅटरी, एक मोठ्या आवाजाचा बझर, २ अँपिअरचा फ्यूज आणि थंड असताना उघडा राहणारा थर्मोस्विच एवढे साहित्य पुरते. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकालगत फ्यूज, त्यापुढे बझर, बझरपासून थर्मोस्विच आणि तेथून बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापर्यंत परतीची तार, असा क्रम ठेवावा. इंजिनाचा धातू अर्थ म्हणून न वापरता दोन तारांचा स्विच घेतला तर इंजिनाच्या मूळ वायरिंगला हात लावावा लागत नाही. स्विच उघडा असेपर्यंत मंडलातून प्रवाहच जात नाही, त्यामुळे एकदा भरलेली बॅटरी केवळ या कामासाठी आठवडेच्या आठवडे टिकते; महिन्यातून एकदा घरी चार्जरला लावावी.

स्विच सिलिंडर हेडच्या सपाट भागावर, थर्मोस्टॅट असेल तर त्याच्या शक्य तितक्या जवळ, धातूच्या पट्टीखाली घट्ट दाबून बसवावा. त्यासाठी हेडला नवे भोक पाडू नये. जवळच्या एखाद्या झाकणाच्या बोल्टखाली पट्टी पकडता येते. बॅटरी झाकणाच्या डब्यात, बिल्जच्या (होडीच्या तळाशी साचणाऱ्या) पाण्यापासून उंचावर बांधावी. बझर मात्र तांडेलाच्या कानाजवळ असावा, कारण रॉकेलच्या इंजिनाच्या आवाजात नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, लावलेला बझर कोणालाच ऐकू येत नाही.